देवमासा आणि गिअरबॉक्स

ट्रकच्या गिअरबॉक्समधले तेल तापते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना मुद्दाम सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन मेल्व्हिलच्या 'मोबी डिक'शी निगडित आहे. पण तिथवर पोचण्याआधी थोडा वेळ बॉनेटखाली डोकवावे लागेल.

अ‍ॅरिझोनात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाणारा रस्ता सुमारे 1,100 फुटांवरून 7,000 फुटांपर्यंत चढतो. मागे ट्रेलर जोडून भर उन्हाळ्यात हा चढ चढणाऱ्या माझ्या पिकअप ट्रकचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. म्हणजे क्लचचे काम चालकाच्या पायाकडून काढून तेलाकडे दिलेले आहे. इंजिनाला जोडलेले पात्यांचे चक्र तेल घुसळते आणि ते तेल समोरचे दुसरे चक्र फिरवते. हेर्मान फ्योटिंगरने 1905 मध्ये जहाजांसाठी शोधलेली ही युक्ती 1940 च्या ओल्ड्समोबिलपासून अमेरिकी मोटारींत रुळली. दोन चक्रांच्या वेगात जितकी तफावत, तितकी उष्णता. आणि चढावर, ओझे ओढताना तफावत वाढते. खडखडाट नाही, धूर नाही. लाल तेल तपकिरी होत जाते, त्याला करपल्याचा वास येऊ लागतो, आणि एके दिवशी गिअर पकडेनासा होतो.

माझ्या ट्रकमध्ये हे तेल रेडिएटरच्या टाकीतून फिरवून आणण्याची सोय मुळातच होती. पण रेडिएटरमधले पाणीच 90 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याहून तेल थंड होणार कसे? म्हणून वेगळा कूलर. ('कूलर' म्हटले की नागपूरकरांना वाळ्याच्या ताट्या आठवतील. इथे पाण्याचा संबंध नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ, चपट्या पट्ट्या आणि वारा, एवढेच.) तो एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो. सोबत प्लास्टिकच्या काड्या मिळतात, रेडिएटरच्या जाळीतून आरपार खोचून कूलर अडकवण्यासाठी. त्या मी फेकून दिल्या. गाडीच्या कंपनाने त्या नाजूक नळ्या घासून निकामी करतात. लोखंडी पट्ट्या वाकवून कूलर ढाच्यालाच बोल्टने बांधला, आणि निम्मा दिवस त्या वाकवण्यातच गेला.

खरी मौज परतीची नळी ओळखण्यात आहे. कूलर रेडिएटरनंतर यावा लागतो. एक सांधा सोडायचा, खाली भांडे धरायचे आणि क्षणभर इंजिन सुरू करायचे. तेल रेडिएटरच्या तोंडातून आले तर ती परतीची वाट, नळीतून आले तर जाण्याची. माझ्या ट्रकने उत्तर दिले ते थेट कोपरापर्यंत.

त्या लाल, निसरड्या हातांकडे पाहताना 'मोबी डिक'चे चौऱ्याण्णवावे प्रकरण आठवले. त्यात खलाशी स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या तेलाच्या गुठळ्या हातांनी कुस्करत बसतात. वर्गात ही तेलाची प्रकरणे वेळेअभावी गाळली जातात. 1851 ची ही कादंबरी एका मरू घातलेल्या धंद्याची गाथा आहे, लवकरच 1859 मध्ये पेन्सिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि देवमासा सुटला, असे आपण शिकवतो. तो सुटला नाही. एकोणिसाव्या शतकाहून विसाव्या शतकात अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात त्यांचे तेल मिसळले जात होते. उष्णता आणि दाब सोसूनही त्याचा निसरडेपणा टिकत असे, म्हणून. 1970 मध्ये हा प्राणी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला, तेव्हा कुठे तेल बनवणाऱ्यांना पर्याय शोधावे लागले.

म्हणजे पांढरा देवमासा हे नियतीचे की ईश्वराचे प्रतीक यावर 1950 च्या दशकात वाद घालणाऱ्या प्राध्यापकांपैकी जो कोणी ऑटोमॅटिक गाडीने वर्गावर येत असेल, त्याच्या गाडीतच देवमाशाचा अंश तापत असण्याची शक्यता होती. प्रतीकवादी समीक्षेचे मोल मी नाकारत नाही. पण मेल्व्हिलने चरबी कापण्या-कढवण्याला प्रकरणेच्या प्रकरणे दिली, ती काही प्रतीकाला सजावट म्हणून नव्हेत. तेलाने कोणते काम होते आणि ते कोणाच्या अंगातून निघते, हा त्याचा विषय होता. त्याची प्रतीके वाचण्यात आपण इतके गुंतलो, की तेल अजून वापरात आहे याकडे लक्ष गेले नाही.

देवमाशाच्या तेलाशी सर्वांत जवळचे साम्य असलेले वनस्पतिज तेल जोजोबाच्या बियांत सापडते. हे झुडूप याच सोनोरन वाळवंटातले. फ्लॅगस्टाफच्या रस्त्याला लागताच पहिल्या टेकड्यांच्या उतारावर ते दिसते: राखट हिरवे, उन्हाला कड देणारी उभी पाने. पूर्वी या चढावर तेलाच्या तापमापकाचा काटा 110 पर्यंत जाई. आता तो 95 च्या पुढे सरकत नाही.