उन्हाचा हिशेब

न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावाच्या पश्चिमेला रिओ ग्रँड नदीची खोल घळ ओलांडली, की उघड्या माळावर मातीचे उंचवटे दिसू लागतात. ती घरं आहेत. तिथल्या एका शेजारीणबाईंचं ऋण माझ्यावर आहे आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही तिथे एक ‘अर्थशिप’ भाड्याने घेतलं होतं. मायकेल रेनॉल्ड्स या वास्तुविशारदाने १९७०च्या दशकात अशा घरांचे प्रयोग सुरू केले. टाकून दिलेल्या टायरांमध्ये घणाने माती ठोकून भरायची, त्यांच्या थरांच्या भिंती उभारायच्या, तीन बाजूंनी भराव घालायचा आणि दक्षिणेला सगळी काच. बाहेरून विजेची तार येत नाही. परवानग्यांसाठी रेनॉल्ड्स बरीच वर्षं झगडले; २००७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अशा प्रयोगांना जागा देणारा कायदा केला. शेजारीणबाई त्या झगड्याच्या काळापासून तिथे राहत होत्या.

मी बार्शीकडची, माळवदाच्या घरात वाढलेली. जाड भिंतींचा गारवा मला ठाऊक होता, आणि भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणारी आईही मी पाहिली होती. म्हणजे माती ओळखीची आणि बॅटरीही ओळखीची. या दोघींचं एकमेकींवाचून कसं चालत नाही, ते शेजारीणबाईंनी दाखवलं.

आमच्याकडे गोल्फच्या गाडीत असतात तशा सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी २२० अँपिअर-तासांच्या. त्यांनी कागदावर गुणाकार करून दिला : साठा साधारण साडेदहा युनिटचा, पण शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत गेलं तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून आपल्या हातात पाचच युनिट. मग त्यांनी शेजारी दुसरा आकडा लिहिला. दीड किलोवॉटचा हीटर रात्री आठ तास लावला तर बारा युनिट जातात. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली असताना आम्ही आत स्वेटरवर राहत होतो, कारण दिवसभराचं ऊन जमिनीत आणि भिंतीत मुरलेलं असायचं. ऊब माती सांभाळत होती, म्हणून दिवे, पंप आणि फ्रिज पाच युनिटांत भागत होते. मोठी बॅटरी घ्या म्हणणारे मला नंतर खूप भेटले. आधी गरज कमी करणारी भिंत बांधा, असं सांगणाऱ्या त्या एकट्याच.

बॅटऱ्यासुद्धा घराच्या आडोशालाच होत्या, बाहेर हवा जाणारी नळी लावलेल्या पेटीत, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. कडक थंडीत उघड्यावर ठेवल्या असत्या तर उणे अठराच्या सुमारास त्यांची क्षमता जवळजवळ निम्मी झाली असती. दर महिन्याला बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायला हायड्रोमीटर घेऊन शेजारीणबाई माझ्याजवळ उभ्या राहायच्या. आकडा १.२६५च्या आसपास आला, की समाधानाने मान हलवायच्या.

एका जानेवारीत सलग बर्फ पडला. आभाळ उघडेना, सौर पॅनेलवरून बर्फ झाडूनही चार्ज जेमतेम येत होता आणि त्यातच माझ्या लहान मुलाची छाती भरून आली. रस्ता बंद. फोनवर डॉक्टरांनी नेब्युलायझर चालू ठेवायला सांगितलं. माझी नजर सारखी बॅटरीच्या मीटरवर. संध्याकाळी शेजारीणबाई बर्फ तुडवत आल्या. आधी मुलाच्या पाठीला कान लावला, मग पेन्सिल मागितली. नेब्युलायझर शंभर वॉटच्या आसपास. दहा-दहा मिनिटं, दिवसातून चारदा. “एका युनिटचे शंभर भाग केले, तर त्यातले सात भागसुद्धा नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मुलाचा श्वास या घराला अजिबात जड नाही.”

नुसता चालू राहिलेला इन्व्हर्टरही वीज खातो, म्हणून तो औषधाच्या वेळीच लावायचा. दिवे थेट डीसीवर होते, ते चालू ठेवायचे. फ्रिज बंद, दूध बाहेर बर्फात. एवढी व्यवस्था लावून त्या घरी गेल्या नाहीत. रात्री दर डोसाला इन्व्हर्टरचं बटण त्यांनीच दाबलं आणि मला मुलाला मांडीवर घेऊन बसू दिलं. आई सात समुद्रांपलीकडे असताना तिच्या जागी कोणी येऊन बसतं, याला ऋणानुबंधाखेरीज दुसरं काय म्हणू? तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि रस्ता खुला होताच मुलाला दवाखान्यात दाखवलं.

आता आम्ही पुण्यात आहोत. शेजारीणबाईंनी लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या. पाणी घालायचं काम गेलं, तरी त्या गोठणबिंदूखाली चार्ज करायच्या नसतात, म्हणून पुन्हा मातीचाच आधार. आमच्या सोसायटीत गच्चीवर सौर पॅनेल आणि बॅटरी बसवायचं चाललंय. परवा फोनवर हे सांगितलं, तर आधी मुलाच्या दम्याची चौकशी झाली आणि लगेच प्रश्न आला, “रात्रीचा लोड मोजलास का?” मी जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्टचे आकडे वाचून दाखवले. लिफ्टचा आकडा त्यांनी मला पुन्हा मोजायला सांगितलाय.