माफीचं पान

१० डिसेंबर २०२४, नंदुरबार

मिरचीचा हंगाम जोरात आहे. मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या लाल झाल्यात, वाचनालयात बसूनही ठसका लागतो. आज परत आलेली कादंबरी चाळली, तर एकाच पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा लालसर ठसा. बाकी पुस्तक स्वच्छ. नेणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज सुटलं की आईबरोबर पथारीवर देठ खुडायला जाते. मी ते पान वाचलं. दीडशे पानं नायिकेचा पाणउतारा करणारा माणूस तिथे पहिल्यांदा तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहतो.

“इथे थांबली होतीस का गं?”

ती लाजली. “चारदा वाचलं, मॅडम. आईला गोष्ट सांगत होते, तर ती एवढंच विचारत होती, माफी मांगस का तो?”

१४ डिसेंबर

दत्तजयंती. भाचीला घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. ती पुण्याहून सुट्टीला आलीय. घोडेबाजारात तिने मनसोक्त फोटो काढले आणि परतताना एसटीत डोकं फोनमध्ये. इंग्रजी कादंबरी. आधी वैर, मग प्रेम. अशा पुस्तकांना ‘न्यू अ‍ॅडल्ट’ म्हणतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेसने एका स्पर्धेच्या निमित्ताने हे नाव चालवलं. नायक-नायिका अठरा ते पंचविशीतली, म्हणजे हिच्याच वयाची.

“इतकं भांडतात ती दोघं, त्यात काय गोडी वाटते तुला?”

“आत्या, घरी मी चिडले की सगळे म्हणतात, झोप झाली नाही वाटतं हिची. इथे तिच्या रागाला कुणीतरी उत्तर देतं. तिने काय म्हटलं ते त्याला शब्दन्‌शब्द आठवतं.”

तापीचा पूल आला तरी मी गप्पच होते. तिच्या त्या घरात मीही येते.

२२ डिसेंबर

भाचीच्या आग्रहाने एच. डी. कार्ल्टनचं ‘हाँटिंग अ‍ॅडलीन’ हाती घेतलं. २०२१ चं पुस्तक. आत काय काय भयंकर आहे, याची सूचना लेखिकेने सुरुवातीलाच दिलीय. नायक तिच्यावर पाळत ठेवतो, चोरून तिच्या घरात शिरतो. मला पुढे वाचवेना. आपल्याकडे एखादा मुलगा स्टँडपर्यंत मागे येतो, आणि कॉलेज बंद होतं ते मुलीचं. अशा दोघी माझ्या डोळ्यांदेखत वाचनालयात यायच्या थांबल्या. त्या पाठलागाला प्रेम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

भाची म्हणाली, “पुस्तक मिटता येतं, आत्या.” तिचं खरं आहे. मिटण्याचा हक्क हातात असेल, तर भीतीसुद्धा चाखून बघता येते. पण सोळा वर्षांच्या मुलीने मागितलं, तर हे पुस्तक मी देणार नाही.

सरसकट वाईट म्हणून मोकळं व्हायचं मात्र मनात येत नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. बाया काय वाचतात याची चिंता इथे जुनी आहे. त्या ते का वाचतात, हे त्यांना बसवून कोणी विचारलं?

१० जानेवारी २०२५

‘संगीत मानापमान’ सिनेमा आज लागला. मला खाडिलकरांचं नाटक आठवत राहिलं, १९११ चं. बालगंधर्वांची भामिनी. श्रीमंताची लेक गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, मग वनमालेचं सोंग घेऊन त्याच्याजवळ जाते आणि प्रेमात पडते. वैरातून प्रेम आपल्या रंगभूमीला तेव्हापासून ठाऊक आहे. फक्त तिथे अपमान करणारी ती आणि बदलायचंही तिनेच. आजच्या या कादंबऱ्यांत अपमान तो करतो आणि वाकतोही तोच. मुली त्याच्या क्रूरपणावर भाळतात असं मीही धरून चालले होते. त्या वाट बघत असतात ती त्याच्या वाकण्याची. माझ्या वडिलांना कुणाची माफी मागताना मी पाहिलं नाही. आईची तर नाहीच. अशी माफी पुस्तकात तरी सापडावी म्हणून कुणी शंभर-दीडशे पानं अपमान सोसत वाचत असेल, तर मला ते समजतं.

१८ जानेवारी

पथारीवरची मुलगी आली. पुस्तक बदलायला नाही, वही दाखवायला. स्वतः गोष्ट लिहितेय. व्यापाऱ्याचा मुलगा आणि देठ खुडणारी पोर. वजनावरून पहिलं भांडण. मजुरी कापल्याचा प्रसंग इतका नेमका उतरलाय की वाचताना माझ्या बोटांची आग झाली. शेवटच्या पानावर तो पथारीवर येतो, सगळ्या बायांसमोर म्हणतो, “मी चुकनू.” त्याखाली चार ओळी कोऱ्या.

“पुढे?”

“ती काय म्हणते ते अजून ठरत नाही, मॅडम. आई म्हणते लगेच हो म्हणू नको.”

मी तिला दोनशे पानी वही दिली.