चार वॅटचा प्रश्न

घरोघरी माशांच्या टाक्या बसवून देणं आणि त्या सांभाळणं हा माझा पुण्यातला धंदा. टाकी लागली, मासे सोडले, पोरांचा गलका ओसरला, की घरातलं कोणीतरी वडीलधारं माणूस हमखास विचारतं, "पण लाईट गेली तर?" प्रश्न रास्त आहे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याची रीत जुनी, आणि वळवाच्या पहिल्या सरीत एखादी फांदी तारेवर पडायचीच. त्यांची अपेक्षा असते की आता मी बॅटरीची किंमत सांगेन. मी विचारतो, "टाकीत अजून किती मासे टाकायचा विचार आहे?"

वीज गेल्यावर टाकीतलं जे जे थांबतं, त्यातलं बरंचसं थांबलं तरी चालतं. दिवा नसला तर पाणवनस्पतींचं एका दिवसात काही बिघडत नाही. खाणं तर द्यायचंच नाही. धडधाकट मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतो, उलट खाल्लेलं पचवायला त्याला जास्त प्राणवायू लागतो. हीटरचीही धास्ती नको. शंभर लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने बदलायला सुमारे ११६ वॅट-तास उष्णता यावी-जावी लागते, म्हणून बंद खोलीतली मोठी टाकी सावकाश निवते. डिसेंबरातल्या रात्री टाकीच्या तिन्ही बाजूंना जुनी गोधडी लपेटली तरी पुष्कळ होतं. मात्र वरून ती झाकायची नाही.

वरची बाजू उघडी ठेवायची, कारण सगळा खेळ तिथेच आहे. बुडबुड्यांतून प्राणवायू पाण्यात शिरतो, असा सर्वसाधारण समज. थोडा शिरतोही. पण बुडबुड्यांचं मोठं काम म्हणजे खालचं पाणी वर ढकलणं आणि पृष्ठभाग हलता ठेवणं. हवा आणि पाणी यांची देवघेव त्या पृष्ठभागावर होते. मोटार थांबली की तो निश्चल होतो. दुधावरच्या सायीसारखा तेलकट पातळ थर धरतो, आणि तळाचं पाणी तळालाच राहतं. त्यात ऊन पाणी प्राणवायू कमी धरतं. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. पुणे साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणजे इथे त्याहूनही थोडा कमी. आणि पाणी तापलं की माशाची भूक वाढते तशी श्वासाची गरजही वाढते. म्हणून मला थंडीतल्या रात्रीपेक्षा मे महिन्यातली दुपार अधिक धोक्याची वाटते. त्या दुपारी हीटर आठवणारे लोक पाहिले की मी त्यांच्या हातात थर्मामीटर देतो.

सगळे मासे सारखे अडत नाहीत. फायटर आणि गुरामी वर येऊन थेट हवा घेतात, त्यांना देवानेच बॅकअप दिलेला आहे. कोरिडोरास झपकन वर येऊन हवेचा घोट गिळतो. खरी पंचाईत होते ती लठ्ठ गोल्डफिशने भरलेल्या टाकीची. ते पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करू लागले, कल्ल्यांची फडफड वाढली, की प्राणवायू संपत आल्याची खूण समजायची. अशा वेळी मगाने टाकीतलंच पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतत राहावं. गावठी उपाय खरा, पण त्याने वेळ मिळतो.

दुसरा जीव टाकीत न दिसणारा असतो. माशांच्या विष्ठेतला आणि श्वासातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि दगडांत राहतात, आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये पाणी अडकून पडलं की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात, डबा कुजायला लागतो. मग वीज येते, मोटार आपोआप सुरू होते आणि ते नासकं पाणी थेट टाकीत येतं. रात्र निभावलेले मासे सकाळी वीज आल्यावर दगावले, असं कोणी सांगितलं की मी आधी डबा उघडून वास घेतो. वीज फार वेळ गेली असेल तर फिल्टर सुरू करण्याआधी त्यातलं पाणी ओतून द्यावं, स्पंज टाकीतल्याच पाण्यात खंगाळावा, मग बटण दाबावं. नळाखाली धुतला तर क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही संपवतं.

या दोन्ही गरजा एका साध्या वस्तूने भागतात. ती म्हणजे हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. दिसायला ओबडधोबड, म्हणून दिवाणखान्याच्या टाकीत गिऱ्हाइकाला तो नको असतो. मी तो झाडांच्या मागे दडवतो, पण बसवतोच. महागडा कॅनिस्टर असला तरी. रोज चालू ठेवला की त्यात जिवाणूंची दुसरी वस्ती तयार होते. पंप खातो तीन-चार वॅट. पृष्ठभाग हलतो, जिवाणू जगतात. बॅकअपचा सगळा हिशोब मग या चार वॅटपुरता उरतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर १२ व्होल्ट, १५० अँपियर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास भरतात. त्यातले निम्मे वापरायचे धरले तरी चार वॅट म्हणजे काहीच नाही. अशा छोट्या पंपापेक्षा इन्व्हर्टर स्वतःच जास्त खातो. अडचण असते ती त्याच लाईनवरच्या हीटरची. दोनशे वॅटचा हीटर लागला की आजोबांच्या पंख्यावर गदा येते, घरात कुरबूर सुरू होते आणि शेवटी कोणीतरी टाकीची पिनच उपटतं. म्हणून मी वायरमनला सांगून टाकीशेजारी दोन पॉइंट करून घेतो. हवेचा पंप इन्व्हर्टरच्या लाईनवर, बाकी सगळं साध्या. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर पाण्याची मोटार चढवत नाही, ती घुमते आणि तापते.

इन्व्हर्टर नसलेल्या घरांत बॅटरीवाला पंप लावतो. तो प्लगमध्ये कायम लावून ठेवायचा, वीज गेली की आपण होऊन सुरू होतो. त्याहून स्वस्त म्हणजे यूएसबीचा छोटा पंप आणि पॉवर बँक. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास. घट वजा जाता दीड वॅटचा पंप रात्रभर तरी चालतो. एक खोडी मात्र असते. काही पॉवर बँकांना वाटतं की इतकी कमी वीज ओढली जातेय म्हणजे फोन भरला, आणि त्या बंद होतात. ते आधीच तपासून घ्यावं. कॉम्प्युटरच्या यूपीएसवर माझा भरवसा नाही. त्याची सात अँपियर-अवरची बॅटरी बरीचशी त्यालाच पुरते, आणि त्याची पिपाणी मध्यरात्री सगळ्यांना उठवते. आणखी एक, नळीत स्वस्तातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर पंप थांबल्यावर पाणी नळीतून उलटं चढून पंपात आणि फरशीवर येतं.

किती तासांची तयारी करायची, याचं उत्तर जागेवर अवलंबून. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बऱ्याच भागांत काही तासांत ती परत आली. त्यासाठी चार वॅट भरपूर. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि तिथली कित्येक गावं पुढे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तिथे कुठली बॅटरी पुरणार? श्रीवर्धनकडच्या माझ्या एका स्नेह्यांच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात मात्र गप्पी तरल्या. मोठं पसरट टाकं, भरपूर हायड्रिला, मासे मोजके. त्या टाक्याला मोटार कधी नव्हतीच, त्यामुळे वीज गेल्याचं त्याला कळायचं कारण नव्हतं. लांबलेल्या वीजबंदीत प्राणवायूइतकाच पाण्याचाही प्रश्न येतो, कारण सोसायटीचा पंप बंद म्हणजे नळही कोरडा. पाणी बदलायला दोन बादल्या भरलेल्या आणि क्लोरीन घालवणाऱ्या हायपोची पुडी हाताशी हवी.

माशांची संख्या मी आधी विचारतो ती म्हणून. तीच टाकी, तोच पंप. मासे निम्मे असले की पाण्यातला प्राणवायू अधिक वेळ पुरतो आणि अमोनियाही कमी साठतो. गिऱ्हाइकाला हे पटवणं बॅटरी विकण्यापेक्षा अवघड. दुकानात मासे सुट्टे विकले जातात आणि मुलाला प्रत्येक रंगाचा एक हवा असतो. बॅटरी विकून मला चार पैसे सुटतात, "मासे नका वाढवू" म्हणून काही सुटत नाही. तरी म्हणतो, कारण रात्री अकराला येणारा घाबरलेला फोन मलाच उचलायचा असतो.

सगळं बसवून झालं की घरातली मंडळी समोर असताना मी टाकीच्या साध्या लाईनचं बटण बंद करतो आणि चहा मागतो. पंप चालू राहतो का, नळीतून पाणी उलटं येतं का, कॅनिस्टर पुन्हा नीट सुरू होतो का, हे त्या अर्ध्या तासात कळतं. आणि मी बघतो की माझ्यासोबत टाकीपाशी कोण उभं आहे. बहुतेक वेळा टाकी विकत घेणारे साहेब असतात. गुरुवारी दुपारी ते ऑफिसात असणार, घरी असणार आजी. म्हणून आजींनाच बोलावतो. "आजी, ही हिरवी बत्ती लागलेली दिसली पाहिजे. बुडबुडे थांबले तर ही काळी पिन इथून काढून त्या डबीला लावायची. खाणं अजिबात द्यायचं नाही, नातवंडाने कितीही हट्ट केला तरी. लाईट आली की त्या मोठ्या डब्याला हात लावायचा नाही, मला फोन करायचा." मग हेच मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो, खाली नंबर टाकतो, आणि आजींकडून एकदा पिन काढून लावून घेतो.