मोजायचे राहिलेले श्वास

त्या रात्री मी सामायिकाला बसले होते. समोर ४८ मिनिटांची वाळूची घडी, हातात माळ आणि शेजारच्या खाटेवर चौदा महिन्यांचा नातू. त्याचा भात्यासारखा श्वास चालला होता. मी १०८ मणी मोजले, त्याचे श्वास काही मोजले नाहीत.

आमच्या सावलीत या दुखण्याला ‘वराध’ म्हणतात. शेजारणीने पोटाला डाम द्यायला सांगितलं, तेवढं मी ऐकलं नाही. पण ओव्याचा शेक, छातीला तेल, यात दोन दिवस गेलेच. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. ते मी पाहिलं होतं हो! खोकून दमलाय, म्हटलं.

सकाळी बडोद्याला नेलं. डॉक्टरबाईंनी अंगडं वर केलं, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजलं. ६४. शांत असलेल्या बाळाचे श्वास दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर ते साधं सर्दी-पडसं समजायचं नाही. छाती आत ओढत असेल, बाळ पीत नसेल, तर थेट दवाखाना.

इंजेक्शनं चालू होती, तरी चौथ्या दिवशीही ताप हटेना. सोनोग्राफीत दिसलं, फुप्फुसाच्या आवरणात पू साचलाय. एवढ्याशा बरगड्यांमधून नळी घातली, तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात. नऊ महिन्यांचा न्युमोकोकलचा डोस चुकला होता, हे सुनेने तिथे रडत सांगितलं. तिला काय बोलणार? ज्या लग्नाच्या गडबडीत तो राहिला, ते माझ्याच भाचीचं.

घरी आल्यावर मुलाने वाचून दाखवलं. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या दायांनाही न्युमोनिया ओळखायला शिकवलं. साधन काय, तर मिनिटभराची वाळूची घडी आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्याची पाळी आली की औषध सुरू. गावागावांतला तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मुलांचे मृत्यू कमी झाले होते.

वाळूची घडी आणि मणी! माझ्या घरात दोन्ही होतं.

आता तो दोन वर्षांचा आहे. कुशीत नळीचा व्रण आहे, आंघोळीला बसला की बोट लावून दाखवतो. रात्री मी अजून उठते, त्याचा सदरा वर करते.

“आई, झोपा आता,” सून अंधारातून म्हणते. आणि थोड्या वेळाने हळूच विचारते, “किती भरले?”