बो थरथरतो तेव्हा

उजवा खांदा कुरकुरू लागल्यापासून मी व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन नव्याने ऐकतो आहे. डावा हात अजून शाबूत आहे, द्रुत जागा निघतात. पण एकच स्वर, संथ आणि बारीक, मुठीपासून टोकापर्यंत न्यायचा म्हटलं की बो मध्यावर येऊन कापतो. करंगळीवरचा भार तर्जनीकडे जातो, नेमकी तीच जागा. आवळून धरला तर कंप वाढतो, सैल सोडला तर स्वर विरतो. रोज सकाळी मोकळ्या डी तारेवर माझं एवढंच चालतं.

मेन्युहिनला हे भरज्वानीत भोगावं लागलं. १९२९ साली बर्लिनमध्ये संचालक ब्रूनो वॉल्टरबरोबर बाख, बीथोव्हेन आणि ब्राम्स एकाच मैफलीत वाजवले, तेव्हा तो अवघ्या बारा वर्षांचा होता. त्याआधी बुजुर्ग व्हायोलिनवादक इझायने त्याच्याकडून लालोची रचना ऐकली आणि मग ए मेजरचा चार सप्तकांचा साधा आर्पेजिओ मागितला. तो त्याला धड सापडेना. जिना न चढताच पोर माडीवर पोचलं होतं! पुढे युद्धकाळात सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम झाले, आणि उजवा हात ऐकेनासा झाला. आपण वाजवतो ते नेमकं कसं, हे त्याला जगभर नाव झाल्यावर शोधावं लागलं. १९५२ मध्ये तो मुंबईत आला तेव्हा पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार त्याला भेटले. १९५४ मध्ये त्याने त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं. आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक म्हणून त्यांचा गौरव करणारं घड्याळही दिलं. कुठे श्वास अडतो, कुठे खांदा उचलला जातो, हे पाहणाऱ्या माणसाला तो गुरू म्हणाला, यात मला नवल वाटत नाही.

व्हायोलिनवादक हायफेट्झचे भक्त म्हणतात, त्याचा बो कधी हलला नाही. मान्य. पण आज स्पर्धा जिंकणाऱ्यांपैकी कुणाचाच हलत नाही आणि डोळे मिटून ऐकलं तर कोण वाजवतंय ते कळत नाही. मेन्युहिन दोन स्वरांत ओळखू येतो.

माझी एक शिष्या आहे, चौदा वर्षांची. तिचा बो आत्ताच माझ्यापेक्षा स्थिर चालतो. ‘सर, असंच ना?’ ती विचारते. शाबासकी देतो, पण ती सहज तोंडातून निघत नाही. आयुष्यभर मला टाळ्यांची हाव होती, सारासातेच्या रचना वाजवून मी त्या वसूल केल्या. अजूनही ही शिष्या समोर असली की मी काहीतरी झपाट्याचं वाजवून दाखवतो.

सोळाव्या वर्षी, १९३२ मध्ये, खुद्द एल्गारच्या संचालनाखाली मेन्युहिनने केलेली एल्गारच्याच व्हायोलिन कन्चेर्तोची तबकडी सगळे ऐकतात. १९६०च्या दशकात संचालक एड्रियन बोल्टबरोबर त्याने तोच कन्चेर्तो पुन्हा ध्वनिमुद्रित केला. त्यात बो तितका निर्धास्त नाही. तरी त्यातला संथ भाग एकदा ऐका. मला तोच थोर वाटतो.