दोन शब्द कमी असलेलं गाणं

काष्टीचा बाजार शनिवारी भरतो. बैल, शेळ्या, भाजीपाला, आणि माझ्या लहानपणी या सगळ्या गलक्याच्या वर चढणारा कॅसेटवाल्याचा कर्णा. प्रल्हाद शिंदे यांचं भक्तिगीत संपलं की आनंद शिंदे सुरू व्हायचे. वडील बाजार करेपर्यंत मी तिथून हलत नसे. गाणं ऐकायला मी त्या कर्ण्याखाली शिकलो.

१९९५ साली अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, पुढच्या वर्षी लकी अलीचं ‘सुनो’. शेजारच्यांच्या टीव्हीवर त्यातलं ‘ओ सनम’ लागलं की इजिप्तचे पिरॅमिड दिसत. ही गाणी कुठल्याच सिनेमातली नव्हती. सिनेमातलं गाणं नायकाचं असतं, गोष्टही त्याचीच. या गाण्यांत जागा मोकळी होती. तिथं आपण आपली गोष्ट ठेवायची. वडिलांना मात्र याचं नवल नव्हतं. ते अरुण दाते यांची भावगीतं रेडिओवर ऐकत मोठे झाले होते. “आमच्या वेळी पण होतीच की अशी गाणी,” ते म्हणायचे.

१९९९ साली गायक केके यांचा ‘पल’ हा अल्बम आला. तेव्हा मी आणि माझा मित्र काष्टीहून रेल्वेनं दौंडला कॉलेजला जायचो. दोघांनी पैसे जमवून साठची कोरी कॅसेट घेतली, वहीच्या पानावर गाण्यांची यादी केली आणि दुकानदाराकडे भरायला दिली. पहिली बाजू माझ्या आवडीची, दुसरी त्याच्या. ‘पल’मधलं ‘यारों’ दोघांनाही हवं होतं, पण दोन्ही बाजूंना नको म्हणून चिठ्ठी टाकली, ते त्याच्या बाजूला गेलं.

रात्रीची लाइट असली की उसाला पाणी द्यायला आम्ही बरोबर जायचो. टेप बांधावर ठेवायचा. सेल उतरले की केके यांचा आवाज जड होत जायचा. मग दुसऱ्या दिवशी सेल उन्हात ठेवायचे. अशाच एका रात्री टेपनं फीत खाल्ली, नेमकी ‘यारों’वर. मित्रानं बॅटरी धरली, मी पेन्सिलीनं फीत हळूहळू ओढून काढली. चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. गाणं पुन्हा वाजलं, पण दोन शब्द गेले ते गेलेच.

पुढे मित्र चाकणला कंपनीत लागला, मी शेतीत राहिलो. भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या.

३१ मे २०२२ च्या रात्री कोलकात्याहून बातमी आली. कॉलेजच्या कार्यक्रमात गाऊन हॉटेलवर परतलेले केके गेले. वय ५३. आमच्या कॉलेजच्या दिवसांना ज्यांनी सूर दिला, त्यांचा शेवटचा कार्यक्रमही कॉलेजच्या पोरांसमोरच झाला. झोप लागेना. तेवढ्यात मित्राचा फोन आला. बोलायला दोघांनाही सुचेना. मग त्यानं हळू आवाजात ‘यारों’ म्हणायला सुरुवात केली.

मोबाइलवर ते गाणं आता पूर्ण मिळतं, मी शेकडो वेळा ऐकलंय. तोही ऐकत असणार. पण त्या ओळीपाशी आला आणि ते दोन शब्द सोडून तो पुढे गेला. मीही त्याच्याबरोबर तसाच गेलो.