दांडा की मूळ?

ऑर्किडची कुंडी बहुधा भेट म्हणून घरात येते, वास्तुशांतीला नाहीतर वाढदिवसाला. दोन-अडीच महिने टेबलावर मिरवते. मग फुलं एकेक करून गळतात आणि उरतात चार जाड पानं आणि एक वाळका दांडा. पुढे गॅलरीचा कोपरा आणि शेवटी कचऱ्याचा डबा. कोथरूडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेनं मात्र अशा कुंड्यांसाठी पूर्वेच्या खिडकीत एक फळी राखून ठेवली आहे. सोसायटीतली माणसं तिथं आपापली ‘गेलेली’ झाडं आणून ठेवतात.

तिची स्वतःची पहिली दोन झाडं अतिमायेनं गेली. तुळशीला घालावं तसं ती त्यांना रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची. दुसरं झाड मेल्यावर तिनं कुंडी उपडी केली, तेव्हा बुंध्याशी ओल्या शेवाळाचा घट्ट गोळा निघाला. रोप लहान असताना रोपवाटिकेत भोवती लावलेलं मॉस तसंच राहिलं होतं आणि त्यात मुळं कुजून काळी पडली होती. बाहेरून कुंडी कोरडी दिसत होती.

बाजारात मिळणारं हे ऑर्किड बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असतं. जावामध्ये काम केलेल्या कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२५ मध्ये हे नाव दिलं. रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगासारखं दिसणारं, असा त्याचा अर्थ. मूळचं हे झाड मातीतलं नाहीच, फांदीवरचं. आपल्या सह्याद्रीत आंब्या-जांभळावर सीतेची वेणी लोंबते, तसंच. अशा झाडांना लोक सरसकट बांडगूळ म्हणतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस ओढतं; आमरी, म्हणजे ऑर्किड, फांदीचा फक्त आधार घेते. तिच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी टिपतं आणि नंतर वाऱ्यावर वाळतं. ओलं मूळ हिरवं दिसतं, सुकलेलं चंदेरी. म्हणून शिक्षिकेची कुंडी आता पारदर्शक प्लॅस्टिकची आहे, भोकं पाडलेली. आत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडे विटांचे खडे. मुळं चंदेरी झाल्याशिवाय ती पाण्याला हात लावत नाही. घातलेलं पाणी पूर्ण निथळू देते आणि पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापसानं टिपून घेते, कारण तिथं पाणी साचलं की गाभा कुजतो.

हाच धडा इंग्लंडला एकोणिसाव्या शतकात मिळाला होता. उष्ण प्रदेशातली ऑर्किडं म्हणून ती बंद, तापवलेल्या, दमट काचघरांत कोंडली जात आणि मोठ्या संख्येनं मरत. चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यानं काचघरात हवा खेळती ठेवली, ऊब कमी केली, आणि त्याची झाडं जगली.

जगणं आणि फुलणं मात्र वेगळं. शिक्षिकेच्या दादरच्या मावसबहिणीचं झाड तीन वर्षं नुसती पानं काढत होतं. पानं काळपट हिरवी, म्हणजे उजेडही कमी. पण खरं कारण उकाड्याचं होतं. पारा २८ अंशांच्या वर राहिला तर फॅलेनॉप्सिस पानंच वाढवत बसतं. तो २५-२६ च्या खाली येऊन काही आठवडे तसाच राहिला की दांडा धरतो. गारवा फक्त रात्रीचा असून भागत नाही, दिवसाही ऊन तापता कामा नये. ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर ते झाड कोथरूडला आलं आणि खिडकीच्या आत, सावलीत बसलं. पुण्याची डिसेंबरातली रात्र बाहेर सोसवली नसती.

डिसेंबरच्या मध्यावर खालच्या पानाच्या बगलेतून एक हिरवा कोंब डोकावला.

इथं सगळ्यांची गल्लत होते. मुळाचं टोक गुळगुळीत, गोल असतं. दांड्याचं टोक किंचित चपटं, एका बाजूला खाच असलेलं, बोटं मिटलेल्या बाळाच्या मुठीसारखं. आठवडाभर शिक्षिकाही ठामपणे सांगू शकत नव्हती. मग कोंब उजेडाकडे वर वळला आणि त्यावर पहिलं पेर दिसलं. तेव्हापासून तिनं कुंडी फिरवली नाही. दर वेळी तोंड बदललं तर दांडा वाकडातिकडा होतो. बांबूची काडी, सैल दोरा आणि दर पंधरवड्याला १९:१९:१९ खत, पुडीवर लिहिलंय त्याच्या चौथाई. एवढंच.

फेब्रुवारीच्या अखेरीला सात कळ्या आल्या. फुलं ओसरल्यावर दुसऱ्या पेराच्या वर दांडा छाटला तर कधीकधी त्याच दांड्यातून नवी फांदी फुटते. दादरचं झाड थकलेलं होतं, पानं किंचित सुरकुतलेली. शिक्षिकेनं दांडा बुडापासून कापला आणि त्याला वर्षभर फुलाविना राहू दिलं.

तुमच्या घरी अशी कुंडी असेल तर आज तिची मुळं पाहा. ती टणक असतील, तर येत्या थंडीपर्यंत तिला टाकू नका.